साठेबाज कोण?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली. छत्तीसगडच्या शहरांमध्ये निर्बंध त्याआधीच सुरू झाले होते. त्या आठवड्यात एका बैठकीत मला एक निवेदन लिहिण्यास सांगण्यात आले. मी लिहिले, ‘जीवनावश्यक वस्तूंचा पुरेसा साठा उपलब्ध आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये व अनावश्यक साठा करू नये.’ दोनच वाक्ये. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर असली वाक्ये झोपेतही लिहिता येतात.

संध्याकाळी घरी ते निवेदन पत्नीला वाचून दाखवले. तिने विचारले, ‘‘अहो, पुरेसा म्हणजे किती?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण बैठकीत कोणी आकडा मांडलाच नव्हता आणि मीही विचारला नव्हता. ‘‘मग दहा किलो तांदूळ आणि पाच किलो तुरीची डाळ घेऊनच या,’’ ती म्हणाली. मी पिशव्या घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेलो. रांगेत पोलाद कारखान्यातील दोन परिचित भेटले. ज्या ‘अनावश्यक साठ्या’विरुद्ध मी सकाळी लिहिले होते, तोच करण्यासाठी मी सायंकाळी उभा होतो.

तेव्हापासून ‘पॅनिक बाइंग’ हा शब्द ऐकला की मला संकोच वाटतो. अधिकाऱ्यांच्या तोंडी तो असा येतो, की जणू जनता म्हणजे बुजलेले जनावर. वस्तुतः ग्राहक मूर्ख नसतो. भिलाईत पगार झाल्यावर महिन्याचा किराणा भरण्याची सवय टाउनशिपच्या पहिल्या पिढीपासून चालत आली आहे. जी गृहिणी तीस दिवसांची डाळ नेमकी मोजून आणते, तिला हिशेब शिकवण्याची गरज नाही. तिच्यापाशी नसते ती माहिती.

अर्थशास्त्रात याचे विवेचन जुने आहे. डायमंड आणि डिबविग यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की सुस्थितीतील बँकही केवळ ‘इतर लोक पैसे काढतील’ या शंकेने बुडू शकते. आणि त्या वेळी रांगेत धावणारा प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो. त्यांना २०२२ मध्ये नोबेल मिळाले. किराण्याच्या दुकानालाही हेच लागू पडते. शेजारीण दोन पाकिटे जास्त घेईल अशी शंका आली, की मीही घेणार. मग फळी रिकामी होते आणि शंका खरी ठरते.

नोव्हेंबर २०१६ चे मीठ आठवा. नोटाबंदीनंतर तीनच दिवसांनी उत्तर भारतात मिठाच्या टंचाईची अफवा उठली, ती महाराष्ट्रापर्यंत पोहोचली आणि काही ठिकाणी मीठ किलोला दोनशे रुपयांच्या वर विकले गेले. ज्या देशात वर्षाला दोनशे लाख टनांहून अधिक मीठ पिकते आणि खाण्यासाठी त्याचा लहानसा हिस्सा पुरतो, तेथे हे घडले. हा केवळ आपल्याकडील अज्ञानाचा प्रकार नव्हे. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियासारख्या साक्षर आणि संपन्न देशात सुपरमार्केटांतून टॉयलेट पेपर नाहीसा झाला, आणि तोही बहुतांशी त्यांच्याच देशात तयार होणारा. वूलवर्थ्स व कोल्स या साखळ्यांना माणशी पाकिटांची मर्यादा घालावी लागली आणि वृद्धांसाठी सकाळची वेळ राखून ठेवावी लागली. सिडनीचा मनुष्य आणि सुपेल्याचा मनुष्य एकाच रीतीने वागले.

मग प्रशासन काय करते? छापे घालते. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा हे आमचे आवडते हत्यार आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा देशभर छापे पडले आणि महिनाअखेरीस सुमारे ७५ हजार टन डाळी जप्त झाल्याचे सांगण्यात आले. वृत्तपत्रांत गोदामांची छायाचित्रे झळकली. पण त्या वर्षी देशाचे उत्पादन व आयात मिळून सुमारे २२० लाख टन डाळी होत्या. म्हणजे दिवसाला साठ हजार टन. सगळ्या देशातील यंत्रणेने राबून पकडलेला माल जेमतेम सव्वा दिवसाचा. पुढे हा आकडा वाढला, तरी दोनतीन दिवसांच्या पलीकडे गेला नाही. दोन वर्षांच्या अपुऱ्या पावसाने जे पीक कमी आले होते, ते कोणत्याही गोदामात लपलेले नव्हते.

हेही विसरले जाते, की तूर काढणीला येते डिसेंबर ते मार्चमध्ये आणि आपण ती बारा महिने खातो. कोणीतरी ती साठवलीच पाहिजे. जो साठवतो त्याला आपण फेब्रुवारीत व्यापारी म्हणतो आणि ऑक्टोबरात साठेबाज. साठ्याची मर्यादा कधी येईल आणि कधी उठेल याचा नेम नसेल, तर गोदाम कोण बांधील? २०२० च्या सप्टेंबरात संसदेने कायद्यात दुरुस्ती करून भाववाढीच्या विशिष्ट टक्केवारीशिवाय मर्यादा घालता येणार नाही असे ठरवले. पुढच्याच महिन्यात कांद्यावर मर्यादा आली. टक्केवारीच्या नियमात ते बसत होते हे मान्य, पण व्यापाऱ्याने काय बोध घ्यायचा तो घेतला. २०२१ अखेर ती दुरुस्तीच रद्द झाली. जून २०२३ मध्ये तूर व उडदावर घाऊक व्यापाऱ्यांसाठी २०० टनांची मर्यादा पुन्हा आली. मर्यादा जाहीर झाली, की ग्राहक त्यातून एकच अर्थ काढतो: सरकारलाच काळजी वाटते आहे, तेव्हा डाळ आजच आणावी.

या अनिश्चिततेची दुसरी बाजू शेतकरी भोगतो. २०१५ चा भाव पाहून पुढच्या हंगामात तुरीचा पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला आणि २०१६-१७ मध्ये तुरीचे उत्पादन पंचवीस लाख टनांच्या आसपास होते ते पंचेचाळीस लाखांच्या वर गेले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारात भाव त्याहून खाली. विदर्भ-मराठवाड्यातील खरेदी केंद्रांवर शेतकरी कित्येक दिवस गाड्या लावून बसले आणि केंद्रांवर बारदाना नव्हता. २००६ पासूनची डाळींची निर्यातबंदी तेव्हाही लागू होती. अरविंद सुब्रमण्यन समितीने सप्टेंबर २०१६ मध्येच ती उठवण्याची शिफारस केली होती. ती उठायला २०१७ ची अखेर उजाडली, तोवर तूर विकली गेली होती.

उपाय शोधण्यासाठी मला परदेशी जावे लागत नाही. छत्तीसगडने २००४ मध्ये रेशन दुकाने खासगी मालकांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था व बचतगटांकडे दिली. धान्याचे ट्रक पिवळे रंगवले. गोदामातून ट्रक निघाला, की नोंदणी केलेल्या नागरिकाला मोबाइलवर संदेश जाई. रीतिका खेरा यांच्या अभ्यासानुसार २००४-०५ मध्ये निम्म्याच्या आसपास असलेली धान्याची गळती २००९-१० पर्यंत सुमारे दहा टक्क्यांवर आली. याचे श्रेय एकट्या माहितीचे नाही, हे मी मान्य करतो. परंतु ज्या तांदळाचा ट्रक गावाला दिसतो, त्याच्या टंचाईची अफवा टिकणे अवघड असते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे शेकडो केंद्रांतून रोजचे भाव येतात आणि ते प्रसिद्धही होतात. गहू-तांदळाचा केंद्रीय साठा दरमहा जाहीर होतो. डाळींचे व्यापारी व गिरणीमालक आपला साठा पोर्टलवर नोंदवतात. या नोंदींची जिल्हावार बेरीज दर सोमवारी वृत्तपत्रात व बाजार समितीच्या फलकावर का देऊ नये? ‘पुरेसा साठा’ऐवजी ‘दुर्ग जिल्ह्यात तूरडाळ इतके टन, म्हणजे इतके दिवस’ असे लिहावे.

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे: आकडे जाहीर केले तर व्यापारी सट्टा खेळतील. अहो, व्यापाऱ्याला ते आजही ठाऊक असतात! तो एका फोनवर अकोल्याच्या डाळमिलची स्थिती विचारतो. ठाऊक नसतात ते धमध्याच्या शेतकऱ्याला आणि सेक्टर सहामधील गृहिणीला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोंदी खोट्या असतात. खरे आहे. पण आज त्या खोट्या असल्याचे कोणाच्या लक्षात यावे? कागदावर चाळीस दिवसांची डाळ आणि दुकानात रिकामी पोती, असे दिसले की प्रश्न विचारायला सगळा बाजार असेल. छापा घालायचाच असेल, तर कोठे घालावा तेही मग कळेल.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. आकडा लिहिला की त्याखाली सही करावी लागते आणि चुकला तर उत्तर द्यावे लागते. ‘पुरेसा’ या शब्दाखाली केलेली माझी २०२० मधील सही मला आजवर कोणी दाखवून जाब विचारलेला नाही.