तीन धनेश, एक आडनाव

वड, पिंपळ नाहीतर उंबर फळांनी लगडला की त्याच्यावर जरा लक्ष ठेवा. मैना, बुलबुल, तांबट तर येतीलच. पण नशीब असेल तर शेपटीसकट दोनेक फूट लांबीचा, राखाडी अंगाचा, भल्यामोठ्या वाकड्या चोचीचा एक पाहुणाही येईल. हा राखी धनेश. मुंबई-पुण्यातल्या जुन्या झाडांवरही तो दिसतो. चंदिगडने तर त्याला आपला राज्यपक्षी केलाय.

त्याच्या चोचीवर शिंगासारखा एक छोटा टोकदार उंचवटा असतो. लांबून वाटतं, चोचीवर दुसरी चोच बसवलीय! म्हणूनच त्याचं शास्त्रीय नाव ऑसिसेरॉस बायरोस्ट्रिस. बायरोस्ट्रिस म्हणजे दोन चोचींचा.

आणि ऑसिसेरॉस? ते त्याचं आडनाव समजा. हजेरीपटात कसं, आधी आडनाव नि मग नाव? शास्त्रज्ञांचंही तसंच. आडनाव म्हणजे प्रजाती, नाव म्हणजे जाती. या आडनावाची जगात तीनच भावंडं आहेत. आपला राखी धनेश हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत, सपाटीवरच्या झाडीत राहतो. दुसरा मलबारी राखी धनेश फक्त सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानात. आणि तिसरा फक्त श्रीलंकेत. गंमत म्हणजे, धाकट्या दोघांच्या चोचीवर शिंग नाहीच!

हे आडनाव मात्र पूर्वी वेगळं होतं, बरं का. सलीम अलींच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती कुणाकडे असेल तर उघडून पाहा. तिथे राखी धनेश 'टॉकस' म्हणून भेटेल. टॉकस हे आफ्रिकेतल्या लहान धनेशांचं आडनाव. आकार लहान, रंग साधा, म्हणून आपल्या धनेशांनाही त्यांच्याच घरात बसवलं होतं. पुढे पेशींमधला डीएनए ताडून पाहिला, तेव्हा कळलं की यांचं खरं नातं आशियातल्या धनेशांशी आहे, त्यातही काळ्या-पांढऱ्या कवड्या धनेशांशी. दिसण्यावरून नातं जोडलं की असं होतं!

वर्गात हे सांगितलं की एखादं कार्टं हमखास विचारतं, "बाई, नावं बदलून पक्ष्याला काय फरक पडतो?" पडतो. आणि चांगलाच पडतो.

मलबारी आणि श्रीलंकेतला धनेश पूर्वी एकच जाती मानत. मग मोजताना दोघांची बेरीज व्हायची. सह्याद्रीतले कमी झाले तरी श्रीलंकेतल्यांमुळे आकडा बरा दिसणार. दोघं वेगळे ठरले, आणि लक्षात आलं की मलबारी धनेशाला सह्याद्रीची ही चिंचोळी पट्टी सोडली तर जगात दुसरं घरच नाही. २०२० साली त्याचं नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत गेलं. शहरात राखी धनेश दिसला की आपण म्हणतो, "धनेश तर मजेत आहेत!" पण मजेत आहे तो हा. रानातला भाऊ नाही.

त्याची अडचण घराची आहे. धनेशाला सुतारपक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. म्हाताऱ्या, जाडजूड झाडात आपोआप झालेली ढोली शोधावी लागते. मादी आत शिरते आणि विष्ठेने वगैरे दार लिंपून टाकते. उरते फक्त चोच जाईल एवढी फट. आत तिची उडायची पिसंही गळून पडतात, म्हणजे बाहेर पडायची सोयच नाही! मग नर बिचारा गळ्यात फळं साठवून आणतो आणि एकेक काढून त्या फटीतून भरवतो. आधी तिला, मग पिल्लांनाही. आता असं म्हातारं झाड तोडलं, तर त्या जागी लावलेल्या रोपात ढोली व्हायला किती वर्षं लागतील, तुम्हीच हिशेब करा. कर्नाटकातल्या काही कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी जुनी झाडं राखलीत, तिथे हे धनेश अजून दिसतात.

सुट्टीत आंबोलीला किंवा गोव्यात मोलेच्या जंगलात गेलात, तर आधी कान उघडे ठेवा. दाट पानांआडून कुणीतरी खो-खो हसल्यासारखा आवाज येईल. मग चोच बघा. पिवळी-केशरी चोच, वर शिंग नाही, डोळ्यावर रुंद पांढरी भुवई, असा पक्षी दिसला की वहीत तारीख आणि जागा लिहून ठेवा. तो मलबारी!