मागच्या खेपेची फाईल

'मागच्या खेपेला पोटातल्या बाळाला रक्त चढवावं लागलं, पण बाळ सुखरूप आलं ना? मिटलं मग. आता चारचौघींसारख्या तपासण्या करा, पोरीला उगाच घाबरवू नका.' पुण्यात दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाईला हे घरी ऐकवलं जातं, कधी दवाखान्यातही. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण 'मिटलं' हे खरं नाही.

उपचार झाला तो बाळाच्या पंडुरोगावर. त्याचं कारण आईच्या रक्तात होतं आणि ते अजून तिथेच आहे. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. आईच्या शरीरानं बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, ती वारेतून बाळापर्यंत पोचली आणि पेशी फोडत राहिली. शरीर हे विसरत नाही. पुढचं बाळही पॉझिटिव्ह असलं तर आजार सहसा आधीच्यापेक्षा लवकर सुरू होतो आणि जास्त तीव्र असतो.

आता चारचौघींचं वेळापत्रक पाहा. अकरा ते तेरा आठवड्यांची एनटी सोनोग्राफी, अठरा ते वीसची ॲनॉमली, मग एकदम अठ्ठावीस-बत्तीसची ग्रोथ. मधले आठ-दहा आठवडे आत कोणी डोकावत नाही, आणि नेमकं त्याच काळात हे बाळ अंगात पाणी साठून दगावू शकतं. म्हणून या आईला सोळाव्या ते अठराव्या आठवड्यापासून दर एक-दोन आठवड्यांनी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, लागते. रक्त पातळ झालं की बाळाच्या मेंदूतल्या मधल्या रोहिणीत ते वेगानं धावतं. हा वेग त्या वयाच्या मध्यक वेगाच्या दीडपटीवर गेला तर गंभीर पंडुरोगाची शंका घ्यायची, हे मारी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं. त्यासाठी सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

'टायटर तर वाढलेलं नाही!' पहिल्यांदाच प्रतिपिंडं सापडली असतील तेव्हा टायटरचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या प्रमाणाचा, आधार घेता येतो. आधीचं एक बाळ आजारी पडलं असेल तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. 'मग अँटी-डी द्या.' ते इंजेक्शन प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून असतं, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. तयार झालेल्यांपुढे त्याचा उपयोग शून्य.

याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात. 'एवढं भोगलं, आता दुसरं कशाला?' मूल हवं की नको हे त्या जोडप्यानं ठरवावं. पण भीतीपोटी ठरवू नये. पोटातल्या बाळाला पहिल्यांदा रक्त दिलं ते लायली यांनी, १९६३ साली ऑकलंडमध्ये. आज अनुभवी केंद्रांत अशी दहापैकी नऊ बाळं वाचतात. नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी अशा २९१ मुलांचा मागोवा घेतला. मेंदूच्या वाढीत गंभीर अडचण आढळली ती ४.८ टक्के मुलांत. शिवाय नवऱ्याकडून बाळाला निगेटिव्ह गट येण्याची शक्यता असेल, तर बाळाचा गट आईच्या रक्तावरून तपासता येतो. बाळ निगेटिव्ह निघालं तर आरएचचा धोकाच नाही.

पण पोटातला उपचार म्हणजे नेहमी रक्त चढवणंच नव्हे, म्हणून 'मागे पोटात उपचार झाले' एवढ्या चार शब्दांवरून काहीच ठरत नाही. एका वारेवरच्या जुळ्यांच्या आजारासाठी लेझर उपचार झाला असेल, तर तो आजार त्या वारेचा होता. पुढच्या खेपेला एकच बाळ असलं तर तो उद्भवत नाही. तिला दर आठवड्याला सोनोग्राफीला बोलावणं मला अन्यायाचं वाटतं. पण बाळाच्या उघड्या कण्यासाठी गर्भाशय उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर तो व्रण कायमचा. पुढे तिला कळांची वाट पाहू द्यायची नाही, आधीच सिझेरियन करायचं. कळांत गर्भाशय फाटण्याची भीती असते.

त्या आईची काळजी तर दिवस जाण्याच्या आधीपासून. कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत वेळ जवळपास संपलेली असते. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडनं हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मात्र 'गोळी घेतली, झालं' हेही पुण्यात पुरत नाही. पुण्याचे संशोधक ज्यात होते त्या २०११च्या भारतीय अभ्यासात, असं बाळ झालेल्या मातांच्या रक्तात फोलेट इतर मातांपेक्षा कमी नव्हतं. कमी होतं ते पेशींना वापरता येणारं बी-१२. दुधाचा चहा आणि वरणभातावर दिवस काढणाऱ्या आपल्या घरांत बी-१२ तपासायलाच हवं.

आणि हे सगळं अडतं कुठे, तर कागदांपाशी. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला, रक्त चढवलं तिसऱ्याच गावी, आता संसार हडपसरला. फाईल माहेरच्या कपाटात. नव्या डॉक्टरांना सांगितलं जातं, 'बाळाला थोडं रक्त कमी होतं.' ती फाईल पहिल्याच भेटीला टेबलावर हवी आणि कार्डावर ठळक अक्षरांत लिहायला हवं: कोणती प्रतिपिंडं, रक्त किती वेळा दिलं, बाळाच्या अंगात पाणी होतं का, आणि पहिल्यांदा रक्त दिलं ते कितव्या आठवड्यात. तो आठवडा कळला की डॉक्टर त्याच्या बऱ्याच आधीपासून डॉप्लर लावून बसतात.