कसब कोठें जिवंत राहतें?

एखादें हस्तकौशल्य नामशेष होऊं लागलें कीं आपण त्याची स्तुति करूं लागतों. वस्तुसंग्रहालयांत त्याचे नमुने मांडतों, वृद्ध कारागिराच्या गळ्यांत हार घालतों, आणि आपलें कर्तव्य संपलें असें समजतों. हा मार्ग आदराचा असला तरी रक्षणाचा नव्हे, असें माझें मत आहे. कसब उस्तादाच्या हातांत राहतें, आणि त्या हाताशेजारीं कोणी शिकाऊ मुलगा बसेल तरच तें पुढच्या पिढीस मिळतें. त्या मुलास बसतां यावें म्हणून दुकान चाललें पाहिजे. या विधानास इंग्लंडांतील शेफील्ड शहराचा दाखला पाहण्याजोगा आहे.

शेफील्ड हें धारेच्या हत्यारांचें जुनें गांव. चौदाव्या शतकांत चॉसर कवीनें तेथील सुरीचा उल्लेख केला; १६२४ सालीं चाकू-सुऱ्या करणारांचा संघ कायद्यानें स्थापन झाला; १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ली यांनीं आपलें न गंजणारें पोलाद तेथेंच तयार केलें. या कीर्तीचा मोठा भार 'लिटल मेस्टर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहान कारागिरांनीं वाहिला. भाड्याच्या खोलींत, एकट्यानें किंवा थोड्या मदतनिसांसह, ते आपलें काम करीत. अर्थात् हें चित्र सर्वस्वीं सुखाचें नव्हतें. दगडी चाकावर पातीं घासतांना उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन एकोणिसाव्या शतकांत कित्येक कामगार ऐन तारुण्यांत मरण पावत. तेव्हां जुनें तें सर्व जपावें असें कोणी म्हणणार नाहीं. जपावयाचें तें कसब, त्याबरोबरचे हाल नव्हेत.

या परंपरेंतील स्टॅन शॉ यांचा जन्म १९२६ सालचा. मिटते चाकू करण्याचें काम त्यांनीं पोरवयांत हातीं घेतलें व सत्तरांहून अधिक वर्षें केलें. २०१७ सालीं त्यांस ब्रिटिश एंपायर मेडल मिळालें. २०२१ सालीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, ते वारले. सन्मान योग्यच होता. परंतु पदक पाहून दुसरा हात शिकत नाहीं. त्यास रोजचें काम व रोजची मजुरी लागते.

आतां त्याच शहरांतील कात्र्या करणाऱ्या 'अर्नेस्ट राइट' या लहान कारखान्याकडे पाहूं. तो १९०२ सालीं निघाला. कात्रीचीं दोन पातीं सरळ सपाट ठेवलीं तर तीं नीट कापीत नाहींत. त्यांस किंचित् बांक द्यावा लागतो, म्हणजे मिटतांना तीं केवळ कापण्याच्या जागींच एकमेकांस टेकतात. हा बांक हातोडीच्या ठोक्यांनीं, डोळ्यानें पाहून व हातानें चाचपून दिला जातो. ठोके किती द्यावे याचें कोष्टक नाहीं. तें अंगीं मुरावयास कांहीं वर्षें जातात. २०१४ सालीं या कामावर एक लघुपट निघाला, जगभर लोकांनीं तो पाहिला, आणि मागणीचा लोंढा आला. तथापि मागणी पुरी करणारे हात मोजकेच. आणि २०१८ सालीं धंदा रिसीव्हरच्या ताब्यांत गेला. येवढें कौतुक झालें असतांहि तो बुडाला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें दोन डच गृहस्थांनीं तो विकत घेतला, क्लिफ डेंटन व एरिक स्टोन्स या दोघां वृद्ध उस्तादांस परत बोलाविलें, आणि त्यांच्याजवळ नवीं माणसें शिकावयास बसविलीं. वस्तूची किंमत अशी ठरावयास हवी कीं तींत शिकणाराच्याहि पोटाची सोय व्हावी. माझ्या मतें कारागिरीचें खरें रक्षण तें हेंच.

कोणी म्हणेल, यंत्राची कात्री थोड्या पैशांत मिळते, मग ही महागाई कशाला? हा आक्षेप रास्त आहे, आणि गरीब कुटुंबानें स्वस्त वस्तु घ्यावी यांत वावगें नाहीं. परंतु बोथट होतांच टाकून द्यावी लागणारी वस्तु, आणि पुन्हां पुन्हां धार लावून पिढीनें पिढीस द्यावी अशी वस्तु, यांचा हिशेब एकाच दिवसाच्या खर्चावरून करूं नये. शिवाय यंत्रास काय करावयाचें तें शिकविणारी जाणहि मूळ हातांतूनच आलेली असते.

आपल्याकडेहि विळी, कोयता, अडकित्ता करणारा लोहार आणि धार लावणारा शिकलगार यांचें कसब याच प्रश्नापुढें उभें आहे. पालकांस माझी विनंति इतकीच कीं, मुलाचा कल हातकामाकडे असेल तर त्यास कमी लेखूं नये. आणि चांगल्या कारागिराशीं घासाघीस करण्यापूर्वीं, त्या पैशांत एका शिकाऊ मुलाची भाकरी आहे हें आठवावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एकदां तरी लोहाराच्या भात्यापाशीं तासभर बसतां आलें तर अवश्य बसा. लोखंडाचा रंग कोणता झाला म्हणजे घाव घालावयाचा, हें त्यालाच विचारा. तो सांगण्यास उत्सुक असतो. विचारणाराच सहसा कोणी येत नाहीं.