दहावा माणूस

परंडा-बार्शीकडचा माणूस मुंबईला निघाला म्हणजे बहुधा कुर्डुवाडीला रात्रीची गाडी पकडतो. सकाळी भायखळा मागे पडते, सामान दाराशी आणण्याची एकच धांदल उडते आणि तेवढ्यात एका छोट्या स्टेशनाची पाटी खिडकीतून सरकून जाते. पाटीवर नाव असते ‘मशीद’. परंड्याच्या किल्ल्यातली मशीद या मंडळींच्या चांगली ओळखीची. तशीच ही मुंबईची एखादी मोठी मशीद असेल, असे मनाशी म्हणून ती पुढच्या स्टेशनावर उतरतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पण मौज अशी, की या स्टेशनाला नाव देणारी मशीद मुसलमानांची नव्हे, यहुद्यांची आहे. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी आपल्या प्रार्थनामंदिराला, म्हणजे सिनेगॉगला, सरळ ‘मशीद’ म्हटले आणि शेजारपाजारच्यांनीही तेच नाव उचलले. स्टेशनाजवळच सॅम्युएल स्ट्रीटवर ते अजून उभे आहे. हिब्रू नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ‘जुनी मशीद’. स्थापना १७९६ सालची.

ती बांधणारा गृहस्थ पलटणीतला. नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर. घरच्या मराठी वळणाने सामाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत तो कमांडंट होता. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत तो कैद झाला. आता मान जाणार अशी वेळ आली असता टिपूच्या आईने त्याची जात विचारली. त्याने ‘बेने इस्राएल’ म्हणून सांगितले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच लोक, असे म्हणून तिने त्याला वाचवले, अशी आख्यायिका या समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्याने देवासाठी घर बांधले. मुंबईतले ते पहिले सिनेगॉग.

आता प्रश्न असा, की त्याआधी हे लोक प्रार्थना कोठे करीत होते?

उत्तर सोपे आहे: घरी. त्यांची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना नवगावलाच मूठमाती मिळाली. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्राने नेले. ही माणसे गावोगाव पांगली, तेलाचा घाणा चालवू लागली, मराठी बोलू लागली. दिव्याचे ते दिवेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, चेऊलचे चेऊलकर. सिनेमातले डेव्हिड आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘बूटपॉलिश’मधले जॉनचाचा! त्यांचे आडनाव चेऊलकर होते, हे कितीजणांना माहीत असेल?

ग्रंथ नाही, मंदिर नाही, धर्मगुरू नाही. तरीही काही गोष्टी या लोकांनी सोडल्या नाहीत. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. त्यामुळे गावाने त्यांना नावच दिले ‘शनिवार तेली’. मुलाची सुंता आठव्या दिवशी. खवल्याचे नसेल ते मासे ताटात नाहीत. मांस आणि दूध एकत्र नाही. आणि देव एक आहे, असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी पाठ. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. पुढे कोचीनकडून दाविद राहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांना ओळखले, हिब्रू आणि विधी शिकवले, असे ते मानतात.

मधल्या शतकांत धर्म जगवला तो स्वयंपाकघराने. त्यांच्या सणांची जुनी नावेच पाहा. नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’. महाप्रायश्चित्ताचा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो ‘दारफाळणीचा सण’. कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, उपास करायचा, कोणाशी बोलायचे नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’, दानधर्माचा. होळीच्या सुमारास येणाऱ्या पुरीमला ‘होळीचा सण’च म्हणत. पंचांगही आपल्या ओळखीचे. महिने चंद्राचे, आणि सूर्याशी मेळ राखायला मधूनमधून अधिक महिना.

आपल्या दिवाळीच्या थोडे आधी त्यांचा नव्याचा सण येतो. त्या दिवशी घरोघर चिकाचा हलवा होतो. कुरडईसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच चीक. फक्त तो नारळाच्या दुधात आणि साखरेत घोटायचा. नारळाचेच दूध का? जेवणात मटण असेल तर गाईम्हशीचे दूध चालत नाही. एका वडीमागे केवढा नियम दडला आहे, पाहा! गृहिणीने तो कोणत्याही पुस्तकावाचून पाळला.

तसाच मलिदा. गोडाचे पोहे, ओले खोबरे, सुका मेवा, फळे, वर गुलाबाच्या पाकळ्या. हे ताट मध्ये ठेवायचे, एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण करायचे, झाडाच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद म्हणायचा, जमिनीतल्या पिकासाठी वेगळा, सुवासासाठी आणखी वेगळा. आणि मग सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा. साखरपुडा ठरला, नोकरी लागली, दुखणे बरे झाले, की मलिद्याचा नवस फेडतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवतात. ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणून तेथे आजही नवसाला माणसे जातात. जगातल्या इतर यहुद्यांना हा मलिदा ठाऊक नाही. तो आपल्या कोकणचा.

सिनेगॉगे उठली ती या घरगुती धर्मानंतर. रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३, ठाण्याला १८७९, अशी एकामागून एक. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पश्चिमेच्या भिंतीत एक कपाट, कारण येरुशलेम आपल्या पश्चिमेला. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या. समोर अखंड तेवणारा दिवा. मधोमध कठड्याचा ओटा, त्यावर उभा राहून हझान प्रार्थना चालवतो. बायकांसाठी बहुधा वर गॅलरी. पुरुषांनी डोके झाकायचे. प्रार्थना संपली, की एकमेकांच्या हाताला हात लावून बोटे ओठांना टेकवायची. त्याला ‘हातबोशी’ म्हणतात. प्रार्थना हिब्रूत होते, पण हातबोशी झाल्यावरची चौकशी अस्सल मराठीत. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रूशेजारी मराठी आहे. १८८०च्या सुमारास तर त्यांनी मराठीत कीर्तनेही सुरू केली. आख्यान योसेफाचे किंवा मोशेचे, चाली आपल्या.

आणि येथेच ती दहाची गोष्ट येते. सिनेगॉगातली पूर्ण सामुदायिक प्रार्थना जुन्या रीतीप्रमाणे करायची, तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. या दहांना ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ असले तर तोराची गुंडाळी रिवाजाप्रमाणे बाहेर काढून वाचता येत नाही. मेलेल्या बापासाठी मुलगा ‘कद्दिश’ म्हणतो, तीही नऊ जणांत म्हणता येत नाही. नऊ विद्वान असून भागत नाही. दहावा साधा कारकून आला, की भागते. दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाची किंमत सांगणारा असा दुसरा नियम विरळाच!

१९४८ साली इस्रायलचे राज्य झाले. त्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. मग कुटुंबांमागून कुटुंबे निघाली. आज भारतात चार-पाच हजार यहुदी उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. तिकडे गेलेल्यांचेही सगळे गोड झाले नाही. शतकानुशतके एकट्याने शनिवार पाळलेल्या या लोकांना तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी लग्नाच्या वेळी विचारले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? त्यासाठी मोर्चे काढावे लागले, धरणे धरावे लागले. १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतीत बरोबरीचे यहुदी आहेत, असा निर्वाळा दिला. घाणा बंद ठेवून सोसलेल्या त्या सगळ्या शनिवारांची पोच एकदाची मिळाली. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले.

इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कागदावर मान आला, पण दहावा माणूस काही सरकारी ठरावाने येत नाही. कोकणातल्या एखाद्या सिनेगॉगात सणाला मुंबईहून मंडळी उतरली, तरच गुंडाळी बाहेर निघते. एरवी दार उघडून झाडलोट करणारा माणूस काही ठिकाणी मुसलमान असतो. तो मोजणीत धरता येत नाही, पण दिव्याची काळजी घेतो.

मग हा समाज संपत आला म्हणायचे काय? मला तसे म्हणवत नाही. सिनेगॉग दहांच्या हिशेबावर चालते, मलिद्याला तेवढी माणसे लागत नाहीत. चिकाचा हलवा एकटी आजी करू शकते, आणि नातीला पळीने घोटायला लावू शकते. मशीद नव्हती त्या काळात याच लोकांनी धर्म ताटात, तेलाच्या दिव्यात आणि एका पाठ प्रार्थनेत सांभाळला होता. तो वारसा अजून घरात आहे.

आपण शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी काय करायचे? दहावा माणूस आपल्याला होता येणार नाही. पण ओळखीचे होता येईल. नव्याच्या सणाला ‘शाना तोवा’ म्हणावे, म्हणजे वर्ष चांगले जावो. दिवाळीला आपल्या फराळाचे ताट त्यांच्या घरी जावे आणि रिकामे न येता हलव्याच्या वड्या घेऊन यावे. असे ताट वर्षानुवर्षे फिरत राहिले म्हणूनच तर दिव्याचे दिवेकर झाले.