बाटली हुंगून सुगंध कळत नाही

दुकानात शाम्पूचे झाकण उघडून नाकाशी धरायचे आणि वास मंद वाटला की ‘अत्तरात काटकसर केली’ असा शेरा मारायचा, ही रीत सर्रास दिसते. जितके अत्तर तितका वास, हे तिच्यामागचे गृहीतक. फेसाळ द्रावणापुढे ते टिकत नाही. फेस करणाऱ्या द्रव्याच्या, म्हणजे सर्फॅक्टंटच्या, रेणूचे डोके पाण्याला धार्जिणे, शेपटी तेलाला. प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे त्यांचे सूक्ष्म पुंजके बनतात. त्यांना मायसेल म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेट या सर्फॅक्टंटसाठी २५ अंश सेल्सिअसला ही मर्यादा शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅम आहे; शाम्पूत सर्फॅक्टंट याच्या कितीतरी पट असतो. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनसारखी तेलकट द्रव्ये या पुंजक्यांत दडून बसतात. हवेत किती वास उडेल, हे पाण्यात मोकळ्या उरलेल्या अंशावर ठरते. तेव्हा मंद वास म्हणजे अत्तर कमी, हा निष्कर्षच चुकतो.

मग सर्फॅक्टंट सुगंधाचा चोरच ठरला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. तो नसता तर अत्तराचे तेल पाण्यावर तरंगत राहिले असते. त्याने वास राखून ठेवलेला असतो, गिळलेला नसतो. यावर खरा आक्षेप असा की, न्हाताना पाणी मिसळल्यावर अत्तरही पातळ होते, मग वास येणार कुठून? हिशेबच मांडू. समजा, एक तेलकट द्रव्य पाण्यापेक्षा मायसेलमध्ये १,००० पट एकवटते आणि बाटलीतला दहावा भाग मायसेलने व्यापला आहे. तेव्हा अत्तराचा सुमारे शंभरावा हिस्सा मोकळा असतो. द्रावण दहापट पातळ केले की अत्तराबरोबर मायसेलही विरळ होतात, कोंडलेला साठा सुटत जातो आणि पाण्यातले मोकळे प्रमाण एक-दशांशानेही घटत नाही. उलट मायसेलमध्ये फक्त दहापट एकवटणारे द्रव्य घेतले, तर बाटलीत ते निम्मे मोकळे असते, पण तेवढ्याच पाण्याने त्याचे मोकळे प्रमाण पाचव्या हिश्शाच्याही खाली येते. गुलाबाचा वास देणारे, पाण्याशी सलगी करणारे फिनाइल इथाइल अल्कोहोल या दुसऱ्या गटाकडे झुकते. शिवाय कोमट पाणी बाष्पीभवन वाढवते आणि फेसामुळे हवेशी भिडणारा पृष्ठभाग विस्तारतो.

म्हणजे बाटली हुंगण्याची परीक्षा अपुरी तर आहेच, पण पक्षपातीही आहे: न्हाणीघरात लवकर मावळणाऱ्या द्रव्यांना ती जास्त गुण देते आणि तिथेच टिकून फुलणाऱ्यांना कमी. वास आवडतो की नाही, एवढेच झाकण उघडून कळते, आणि तेवढ्यापुरते ते खुशाल उघडावे. सुगंधाचा निवाडा मात्र छोटी पुडी आणून, ओल्या हातावर फेस काढून मगच करावा.