घर नव्हे, ताट मोजा

भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराचे कुटुंब जेवते कुठे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून एकटा आलेला कामगार भिशीत, म्हणजे ठरलेले पैसे भरून दोन वेळ जेवू घालणाऱ्या खाणावळीत जेवतो. त्याची बायकामुले गावच्या चुलीवर. जे सहकुटुंब राहतात त्यांच्याही जेवणाच्या वेळा बारा तासांच्या पाळीमुळे जुळत नाहीत. धाकटे मूल अंगणवाडीत खाते, थोरले शाळेतल्या पोषण आहारावर असते आणि कांड्या भरणारी आई बहुधा सगळ्यांच्या मागून बसते. अशा शहरात ‘कुटुंबाचा आहार’ ही गोष्ट कागदावरच उरते. म्हणून आहाराची पाहणी माणसागणिक आणि वयोगटागणिक व्हायला हवी.

घराची सरासरी काय लपवते, याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीवरून (२०१९-२१) येतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के होते, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तब्बल ६८.९ टक्के. स्त्रियांच्या रक्तक्षयामागे मासिक पाळी आणि बाळंतपणेही आहेत, सगळा दोष ताटातल्या वाटणीचा नाही. पण वाटणीचा वाटा किती, हे या पाहणीतून कळत नाही, कारण कोणता पदार्थ कितपत वारंवार खाता एवढेच ती मोठ्यांना विचारते. किती खाता, हे नाही. ते मोजणारी यंत्रणा आपल्याकडे होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून १९७२ पासून चाललेले राष्ट्रीय पोषण निरीक्षण मंडळ ठरीव मापाच्या वाट्या-पळ्या दाखवून मागच्या चोवीस तासांतले खाणे माणसागणिक नोंदवी. मोठ्यांना पुरेसे पण लहानग्याला अपुरे, अशी घरे त्या नोंदींत सापडली. लहान मुलाचे पोट लहान; त्याला थोडे थोडे, पण वारंवार भरवावे लागते आणि भरवणाऱ्याला तेवढी सवड लागते. अशा घराला जादा धान्य देऊन प्रश्न सुटत नाही. ते मंडळ २०१५ मध्ये बंद झाले.

अशा माणसागणिक मोजणीवर सर्वांत वजनदार आक्षेप पुण्यातून आलेला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्य मोजले; त्यावर पुढे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवले की एकाच निरोगी माणसाचे खाणेही दिवसागणिक कमीजास्त होते. एका दिवसाच्या नोंदीवरून त्याला उपाशी ठरवता येत नाही. मुद्दा खरा आहे. पण त्यातून निघते ते एवढेच, की काही जणांची नोंद वेगवेगळ्या दिवशी पुन्हा घ्यावी आणि निष्कर्ष व्यक्तीबद्दल नव्हे, वयोगटाबद्दल काढावेत. मोजणेच सोडावे, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: भुकेल्याला पाहणी कशाला, जेवण द्या. जेवण द्यावेच, आणि पाहणीसाठी ते एक दिवसही थांबवू नये. पण द्यायचे कोणाला आणि कोणत्या वेळी, हे ठरवायला माहिती लागते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो. तो त्याच्याच तोंडी जातो की सगळ्या घरात वाटला जातो? भिशीतल्या थाळीत डाळ किती, भाजी किती? कमाई थांबलेल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला काय येते? भिवंडी-निजामपूर महापालिकेने वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने दोन-चार प्रभागांत अशी पाहणी करावी, आणि भिशीही त्यात घ्यावी. मुले भरवणाऱ्याअभावी कमी खातात असे दिसले, तर पैसा पाळणाघरांवर खर्चावा. थाळीच निकस निघाली, तर भिशीला स्वस्त डाळ पुरवावी. आज या दोन्हींपैकी काय करावे, हे सांगणारा एकही आकडा महापालिकेच्या हाती कुटुंबाच्या सरासरीतून येणार नाही.