‘सिलिंडर आला की मग चालू’

दिवाळी सरली की बारडोलीच्या शिवारात अहिराणी कानावर पडू लागते. धुळे-नंदुरबारकडून ऊसतोडीला आलेली कुटुंबं पडावावर पालं ठोकतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि पाचट-काटक्यांचा धूर पालातच कोंडतो. अशा धुराने बिडीला कधी न शिवलेल्या बाईलाही सीओपीडी, म्हणजे दम लागत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, जडू शकतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हाच हिशेब मांडला होता: जगात धूम्रपान करणारे सुमारे १ अब्ज, जळणाच्या धुरात वावरणारे सुमारे ३ अब्ज.

या आजारात देखरेखीखालचा व्यायाम हा औषधांच्या जोडीचा उपचार आहे. त्याच्या वाटेत एक समज आडवा येतो: चालताना ऑक्सिजन उतरत असेल, तर नाकाला नळी लावल्याशिवाय व्यायाम नकोच.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत रुग्ण ३० मीटरच्या पट्ट्यात येरझाऱ्या घालतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरमध्ये रक्तातल्या ऑक्सिजनच्या ९४ टक्क्यांचे ९०, ९० चे ८६ होताना पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येणारच. कोविडने तर ९४ ची लक्ष्मणरेषाच घराघरांत आखून दिली. शिवाय ऑक्सिजन लावला की त्या दिवशी सायकल जास्त वेळ मारता येते, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

पण प्रश्न त्या दिवसाचा नाही, दोन महिन्यांनंतरचा आहे.

ऑस्ट्रेलियात जेनिफर ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी चालताना ९० च्या खाली जाणारे १११ रुग्ण घेतले. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम. सगळ्यांच्या नाकात नळी, मिनिटाला ५ लिटर. पण एका गटाला ऑक्सिजन, दुसऱ्याला साधी हवा. कुणाला काय मिळतंय, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं, व्यायाम करवून घेणाऱ्यालाही. २०१९ साली निकाल छापून आला: दोन्ही गट सुधारले आणि ऑक्सिजनवाल्यांना जादा फायदा झाला नाही.

कारण व्यायामाने फुप्फुस नवं होत नाही, मांड्यांचे स्नायू तयार होतात. तयार स्नायू तेवढ्याच कामाला कमी श्वास मागतो.

मग ऑक्सिजन निरुपयोगी? मुळीच नाही. बसल्या जागीच ज्यांचा आकडा ८८ किंवा त्याखाली असतो, त्यांचं आयुष्य रोज १५ तासांहून अधिक ऑक्सिजनने वाढतं. १९८० आणि १९८१ च्या अमेरिकी-ब्रिटिश चाचण्यांनी ते दाखवलं. घरी कायम ऑक्सिजनवर असणारे ॲलिसन यांच्या प्रयोगात नव्हते, म्हणून त्यांची नळी व्यायामात काढू नये. आणि ती लावून चुलीपाशी तर बसूच नये. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ठिणगीचा भडका उडतो.

बाकीच्यांसाठी तालुक्याच्या दवाखान्याला ३० मीटरचा व्हरांडा, दोन खुर्च्या, घड्याळ, ऑक्सिमीटर आणि जाणकार फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर सुरुवात करता येते. डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दाखवला असेल, तर सिलिंडरसाठी व्यायाम अडवून ठेवू नये.